आपोआप उघडणारं पान

तुमच्या लग्नाचे फोटो ज्यांनी काढले, त्यांचा चेहरा आठवतो का तुम्हाला? नाही ना? आठवणार कसा! स्वयंपाकी आठवतो, कारण त्याच्या हातून मीठ जास्त पडलं होतं. गाडीवाला आठवतो, कारण तो वेळेवर आला नाही. पण दिवसभर जो माणूस एक डोळा मिटून तुमच्यासमोर उभा होता, "हनुवटी वर, खांदे खाली, मामा तुम्ही जरा हसा, कुणी मारत नाहीये तुम्हाला" असं ओरडून ज्याचा घसा बसला आणि सगळे जेवून हात पुसायला लागल्यावर ज्याच्या पुढ्यात तुम्ही गार ताट सरकवलंत, तो तुमच्या एकाही फोटोत नाही. मग कशाला आठवेल?

फोटोवाल्याची ही गत, तर त्याच्या बायकोचं विचारूच नका.

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते. नवरा-बायको मिळून लग्नाचे फोटो काढतात, अल्बम बांधतात, विकतात. तीस वर्षं झाली. दुकानाच्या पाटीवर नाव मात्र एकट्या नवऱ्याचं. एकदा पाटी रंगवायला रंगारी आला होता. वहिनी म्हणाल्या, "खाली माझंही नाव टाक."

"जागा नाही हो वहिनी."

"मग मोठी पाटी आण."

तो पाटी आणायला म्हणून गेला तो गेलाच. ब्रश मात्र विसरला. त्या ब्रशाने वहिनी अजून पुठ्ठ्यांना खळ लावतात.

कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. मंचावरचं सगळं फोटोवाल्यांचं: नवरा-नवरी, आलेगेले, ओळीने उभे राहणारे काका-मावश्या. आणि नवरीची खोली, जिना, मागचं दार, भांडी घासायची जागा, हे सगळं वहिनींचं. फोटोवाले चिडवायचे, "आमच्या हिला लग्नाला बोलावलं की ही मोरीचे फोटो काढते." वहिनी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्याच. म्हणायच्या, "मंचावर लोक दात दाखवतात. माणसं मागच्या दाराशी असतात."

आणि खरंच होतं ते. लेक निघाल्यावर सगळ्यांसमोर ताठ उभा राहणारा बाप मागच्या जिन्यात बसून बुटाची नाडी पाचव्यांदा सोडतो-बांधतो, ते मंचावरून दिसत नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं टेबल, त्यावर नमुन्याचे अल्बम. मागे वहिनींचा कारखाना: लाकडी दाबयंत्र, दाभण, मेणाचा दोरा, कापडाचे तुकडे, खळीचा डबा. गिऱ्हाईक हल्ली नाक वर करूनच आत शिरतं. "अल्बम कशाला? फोनमध्ये आहेत की सगळे फोटो."

"आहेत ना," वहिनी म्हणतात. "विहिरीतही पाणी असतं. तांब्या आणलायत का?"

निम्मे लोक हसून अल्बम सांगून जातात. निम्मे रागावून जातात आणि वर्षभराने फोन पाण्यात पडला की परत येतात. तेव्हा मात्र वहिनी काही बोलत नाहीत. नुसत्या बघतात. ते बघणंच पुरतं.

दुकानाचा एक नियम होता. अल्बममधून माणूस कापायचा नाही. कुणी कितीही मोठा असो, कितीही गयावया करो. त्यामागे एक गोष्ट होती. अगदी सुरुवातीला, नवखेपणात, एका घरातल्या बाईने सांगितलं की आमच्या थोरल्या जाऊबाईंशी आमचं फाटलंय, तिला फोटोतून काढा. वहिनींनी पातळ पात्याने कापली तिला. इतक्या सफाईने की बघणाऱ्याला कळू नये. काही महिन्यांनी ती जाऊबाई स्वतः दुकानात आली. म्हणाली, "माझा एकही फोटो नाही हो माझ्याकडे. त्या लग्नात बरी दिसत होते मी. असेल का एखादा?" टेबलावर नमुना म्हणून तोच फोटो ठेवलेला. तिने उचलला, बराच वेळ पाहिला आणि नवरीच्या खांद्यावर बोट ठेवलं. तिथे चार बोटं राहून गेली होती. बोटांच्या मागे कुणीच नाही.

"हा माझा हात," ती म्हणाली.

त्यानंतर वहिनींनी ते पातं खिडकीतून फेकून दिलं.

आता अल्बमची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुना, जाड पुठ्ठ्याच्या पानांचा अल्बम कण्यावर, म्हणजे पानं शिवलेल्या पाठीवर, उभा धरा आणि दोन्ही हात सोडा. तो कुठेतरी उघडतोच. पण वाटेल तिथे उघडत नाही. ज्या पानाशी घरातलं माणूस पुन्हा पुन्हा थांबलेलं असतं, तिथेच शिवण सैल पडते, तिथेच कापड मऊ होतं, तिथेच तो पडतो. दुरुस्तीला आलेला अल्बम वहिनी आधी असाच सोडून बघायच्या. एका घरचा उघडायचा तो जेवणाच्या पंगतीच्या फोटोवर. दुसऱ्या घरचा, नवऱ्याच्या देखण्या मित्रावर. वहिनी पटकन मिटून टाकायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. नाभिकाला टक्कल ठाऊक असतं आणि बांधणाऱ्याला कणा. बोलायचं नसतं.

एक दिवस टेलरमास्तर आले. पलीकडच्या वळणावर त्यांचं दुकान. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ. बगलेत अल्बम, धाकट्या लेकीच्या लग्नाचा, वहिनींनीच बांधलेला. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला आणि नजर न उचलता म्हणाले, "वहिनी, यातलं एक पान काढून टाका."

झालं. वहिनींचा पारा चढायला एवढं बास होतं.

"माणसं कापायची तर तुमच्याच दुकानात कापा मास्तर, कात्री तुमच्याकडे मोठी आहे! कुणाशी फाटलं आता? व्याह्यांशी? सुखाच्या दिवशी ज्यांना हाताला धरून मंचावर चढवता, त्यांनाच पुढे कापायला आणता. लाज नाही वाटत? ते पातं मी कधीच फेकलंय. न्या तुमचा अल्बम!"

मास्तरांनी अल्बम कण्यावर उभा धरला आणि हात सोडले.

तो उघडला. थेट, सवयीने, घरातलं माणूस घरात शिरावं तसा.

वहिनींनीच काढलेला फोटो. मागच्या दाराची पायरी. नवरीच्या चपलेचा पट्टा ऐन वेळी तुटलेला. मास्तरांचा थोरला मुलगा पायरीवर बसून, चप्पल गुडघ्यावर घेऊन, बापाच्या खिशातल्या सुईने पट्टा शिवतोय. दोरा दातात. डोळे वटारून कॅमेऱ्याकडे बघतोय, 'आता हेही काढणार का?' म्हणून. आणि नवरी एका पायावर उभी, तोल जाऊ नये म्हणून तिचा हात भावाच्या डोक्यावर.

फोटो निवडताना मास्तरीणबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, यावर फुली मारली होती. 'नवरीच्या अल्बममध्ये चप्पल? लोक काय म्हणतील!' वहिनींनी कुणाला न विचारता तो घातला होता.

आणि थोरला धाकटीच्या लग्नानंतर दोन वर्षांत गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला होता. वहिनी त्या दिवशी मास्तरांच्या दारात जाऊन आल्या होत्या. हे सगळं त्यांना माहीत होतं. तरी तोंड आधी सुटलं.

"फाटलं नाही कुणाशी," मास्तर म्हणाले. "हिच्यासाठी म्हणतोय. कुणी आलं की ही कौतुकाने धाकटीचं लग्न दाखवायला अल्बम काढते, आणि हा इथेच उघडतो. मग तो दिवस संपला समजायचं. गेल्या महिन्यात लेक आली होती, नातीला घेऊन. नात म्हणाली, आईचं लग्न बघू. उघडलं की हेच पान. त्यानंतर ही दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, पान काढून कपाटात ठेवू. मीच फाडणार होतो." त्यांनी हात पुढे करून स्वतःच पाहिला. "चाळीस वर्षं कात्री चालवतोय, वहिनी. इथे नाही चालला."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चूक झाली असं त्या कधी तोंडाने म्हणत नसत. त्या कामाने म्हणत. अल्बम ओढून घेत म्हणाल्या, "पान काढायचं नाही. मी बांधणीच नवी करते. असा कणा घालते की कुठलंही पान उघडा, सपाट राहील. आपणहून कुठेच पडणार नाही. मग झालं?"

मास्तरांनी मान हलवली आणि डोळे पुसायला चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

चार दिवस वहिनी त्या अल्बमवर बसल्या. जुनी शिवण उसवली, सगळी पानं सुटी केली, वाळलेली खळ खरवडली. प्रत्येक पानाला कापडाची नवी पट्टी, नवा मेणाचा दोरा, दुहेरी पाठ. दाबयंत्रात ठेवताना फोटोवाले मागून म्हणाले, "तिला विचारलंस?"

"कुणाला?"

"जिचा अल्बम आहे तिला."

"तुम्ही मंचावरचं बघा," वहिनी म्हणाल्या. फोटोवाले मंचावरचं बघायला निघून गेले.

अल्बम तयार झाला तेव्हा वहिनींनी तो कण्यावर उभा करून हात सोडले. तो तसाच उभा राहिला. मिटलेला, ताठ, शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या पोरासारखा. तीस वर्षांतली सगळ्यात चोख बांधणी. वहिनी स्वतःवरच खूश झाल्या. मास्तर येऊन घेऊन गेले.

आठवडा गेला. एक दिवस भर दुपारी मास्तरीणबाई दुकानात आल्या. एरवी गल्लीत कधी मोठ्याने न बोलणारी बाई. चादरीत गुंडाळलेला अल्बम त्यांनी टेबलावर आपटला.

"हा कुणाचा आहे?"

"तुमचाच की. नवी बांधणी..."

"माझा नाही हा. माझा अल्बम कुठाय?"

"अहो, पानं तीच आहेत, बघा..."

"पानं तीच आहेत!" मास्तरीणबाईंचा आवाज चिरकला. "वहिनी, मी त्याला शोधत नव्हते हो. तो आपणहून यायचा. अल्बम हातात घेतला की समोर हजर, तोंडात दोरा धरून. आता मला पानं मोजावी लागतात. पोटच्या पोराकडे जायला मी पानं मोजू?"



"पण मास्तर म्हणाले, तुम्हाला त्रास होतो. दोन दिवस जेवला नाहीत..."

"का जेवले नाही, ते विचारलं का कुणी?" मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. "नातीने बोट ठेवून विचारलं, हा कोण? आणि माझी लेक, ज्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती तीच, पटकन म्हणाली, 'कुणी नाही गं, पुढचं बघ.' माझ्यासाठीच म्हणाली. मी रडू नये म्हणून. पण कुणी नाही? तो कुणी नाही?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. मी काढलं की लेक विषय बदलते. हे मशीन चालवायला लागतात. दोरा नसला तरी चालवतात, मला काय कळत नाही? सगळे मला जपतात. एक तो अल्बम होता, ज्याला जपायचं कळत नव्हतं. तो आपला पडायचा आणि त्याला समोर आणायचा. तोही तुम्ही सरळ केलात."

ज्या वहिनींनी गिऱ्हाइकापुढे कधी मान खाली घातली नाही, त्या खाली बघून म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं." मागे फोटोवाले कॅमेऱ्याची काच पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. शहाणा माणूस.

पण चुकलं म्हणून जुना कणा थोडाच परत येणार! सैल पडायला त्याला वर्षं लागली होती. वहिनींनी ते पान उघडलं, दोन्ही तळव्यांनी दाबलं, सोडलं. अल्बम आपला मिटला. पुन्हा दाबलं. पुन्हा मिटला. चोख काम म्हणजे चोख काम. वहिनींना स्वतःच्याच हातांचा राग आला.

"सरका," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी उघडलं, दाबलं. "लहानपणापासून असंच," त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "दोरा दातानेच तोडायचा. कात्री समोर असली तरी."

मग वहिनींनी उघडलं. "त्या दिवशी मला म्हणाला होता, 'वहिनी, हा फोटो छापलात तर तुमच्या पाटीवरचं नाव उसवीन.' मी म्हटलं, माझं नावच नाही पाटीवर, काय उसवशील? तर म्हणाला, 'मग मी शिवून देतो.'"

मास्तरीणबाई हसल्या. हसता हसता रडल्या. रडता रडता त्यांनी पुन्हा पान दाबलं.

बायको घरी दिसेना म्हणून मास्तर शोधत आले, गळ्यात टेप तशीच. दारातच थबकले. वहिनींना वाटलं, हे आता मागे वळणार. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बघत काय उभे राहिलात? या. हे मोडायला मदत करा."

मास्तर आले. मग नवी शिवण बसवताना कापडावर फिरवतात तसा त्यांनी अंगठ्याच्या नखाची कड दोन पानांच्या मधल्या घडीत ठेवली आणि वरपासून खालपर्यंत सावकाश, दाबून, एकदाच ओढली. आणि थोरल्याचं नाव घेतलं. मोठ्याने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या खिशातली सुई चोरायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, हरवते."

फोटोवाल्यांनी खुर्च्या पुढे सरकवल्या.

अल्बम त्या दिवशी घरी गेला नाही. नमुन्यांच्या मध्ये, टेबलावरच राहिला. दुकानात येईल त्या प्रत्येकाला वहिनींनी कामाला लावलं. "फोटो नंतर. आधी हे पान उघडा, दाबा, मिटा."

"हे काय नवीन?"

"आहे. दाबा."

"कोण आहे हा पोरगा? दोरा खातोय?"

मग वहिनी सांगायच्या कोण ते. दाबणाऱ्यालाही काहीतरी आठवायचं. कुणाच्या पोराच्या शाळेच्या पिशवीला याने बंद लावून दिला होता. कुणाच्या अंगणात याचा चेंडू यायचा आणि मागोमाग हा भिंतीवरून. मास्तरीणबाई रोज दुपारी येऊन बसायच्या आणि कोण काय म्हणालं ते वहिनींकडून ऐकायच्या. मास्तरांनी सुई दोनदा आणून शिवण थोडी सैल केली, अगदी दोनच टाके. वहिनी म्हणाल्या, "माझ्या कामाला हात लावणारे तुम्ही पहिलेच." मास्तर म्हणाले, "तुम्ही माझ्याकडून शिवून घेतलेली बाही घरी जाऊन उसवता, ते मी बोललो का कधी?"

दहाव्या दिवशी चाचणी झाली. वहिनींनी अल्बम कण्यावर उभा केला, हात सोडले. तो डुलला आणि पडला तो भलत्याच पानावर: मास्तरीणबाईंचे भाऊ, दोन्ही हातांत दोन ताटं.

"हा लग्नातही मध्ये यायचा आणि इथेही!" मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तर कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

आणखी चार दिवस दाबादाबी. मग पुन्हा उभा केला. या वेळी डुलला नाही. सरळ पडला. पायरी, चप्पल, दातातला दोरा, डोक्यावरचा हात.

मास्तरांची लेक पुढच्या महिन्यात आली ती नातीला घेऊन आधी दुकानात शिरली. आईबापांनी तसं सांगूनच ठेवलं होतं. आजी-आजोबा टेबलामागे बसलेले. नातीने अल्बम ओढला, उघडला. बोट ठेवलं.

"हा कोण?"

लेकीने आईकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"हा तुझा मामा," ते म्हणाले. "तुझ्या आईची चप्पल शिवतोय. सुई माझी आहे."

"मग रागावलाय का?"

"रागावला नाही गं," लेक म्हणाली. "फोटो काढणाऱ्या या वहिनी ना, त्यांच्यावर डोळे वटारतोय. ये, सांगते." आणि सांगू लागली.

वहिनी मागे जाऊन खळीचा डबा उगीचच ढवळत बसल्या. फोटोवाले हळूच म्हणाले, "काढू का एक फोटो?" वहिनी म्हणाल्या, "नको. आपण बघू." अल्बम त्या दिवशी घरी गेला.

पाटी अजून तशीच आहे, एकाच नावाची. मात्र वहिनी आता दुरुस्तीला आलेला अल्बम हातात घेतला की आधी विचारतात, "हा घरात कोण उघडतं? त्यांना बोलवा." लोक वैतागतात. वैतागू द्या.

आता तुम्ही. हे वाचून झालं की उठा. कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या खाली तुम्ही जो अल्बम दडपून ठेवलाय, तो खाली काढा. स्वतः उघडू नका. कण्यावर उभा धरा आणि हात सोडा. जिथे पडेल तिथे जो कोणी असेल, गेलेला, रुसलेला, परका झालेला, त्याचं नाव घरात मोठ्याने घ्या. आणि शेजारी उभं असलेलं पोर विचारेल, हा कोण, तेव्हा कृपा करून 'कुणी नाही' म्हणू नका.